पंक आणि पीएफ

सेक्स पिस्टल्स नावाच्या लंडनच्या पंक बँडने ऑक्टोबर १९७६ ते मे १९७७ या आठ महिन्यांत तीन रेकॉर्ड कंपन्या केल्या. पिंपरीजवळच्या आमच्या कासारवाडीच्या हिशेबाने यात नवल काही नाही. आयटीआय करून बाहेर पडलेलं पोर पहिल्या वर्षात तेवढ्या सहज करतं. एकीत ट्रेनी, दुसरीत सातव्या महिन्यात ब्रेक, तिसरीत कंत्राटदाराच्या नावावर. फरक इतकाच, की या लंडनच्या पोरांना पहिल्या दोन कंपन्यांनी पैसे मोजून घरी पाठवलं. म्हणजे व्हीआरएसच की! आमच्या पट्ट्यात व्हीआरएस पदरात पडायला पंचवीस वर्षं हाडं झिजवावी लागली. यांनी दुसरी कंपनी आठवड्याच्या आत उरकली. आणि ही व्हीआरएस कशाच्या बळावर? टीव्हीवर शिव्या दिल्या, कंपनीच्या ऑफिसात धिंगाणा घातला. इथे तेवढ्यासाठी चार्जशीट मिळते आणि पीएफचा फॉर्म वर्षभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. पहिल्या कंपनीचं नाव होतं ईएमआय. त्या तीन अक्षरांनी कासारवाडीतही झोप उडते, पण तो विषय वेगळा.

ही सगळी माहिती मला भाच्याने पुरवली. तो चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत परमनंट आहे आणि रविवारी बेस गिटार वाजवतो. तिघांचा पंक बँड आहे. तालीम चालते ती रेल्वेलाइनजवळच्या एका बंद वर्कशॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारी पॉवर प्रेस आहे, डोक्यावरून मेट्रो जाते, पलीकडून लोणावळा लोकल; त्यामुळे बँडच्या आवाजाची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. उलट ते वाजवायचे थांबले तरच शेडमध्ये कुणीतरी आहे हे लोकांना कळतं. पंक म्हणजे तीन स्वरमेळ, दोन मिनिटं आणि एक राग. हा राग बागेश्री किंवा भीमपलास नव्हे, साधा डोक्यात जातो तो. माझे कान बाबूजींच्या पुढे फारसे गेलेले नाहीत, तरी दोन मिनिटांत संपणारं कुठलंही गाणं मी आदराने ऐकतो.

तर हा भाचा एकदा फार व्यथित चेहऱ्याने म्हणाला, "मामा, ग्रीन डे विकले गेले."

मी विचारलं, "कितीला?"

त्याला माझा प्रश्न लागला. पण या गावात दुसरा कुठला प्रश्न आधी सुचणार? मग त्याने सविस्तर सांगितलं. कॅलिफोर्नियात बर्कली गावी गिलमन स्ट्रीटवर एक क्लब आहे. १९८६ च्या शेवटी सुरू झालेला, पोरांनी पोरांसाठी चालवलेला. तिथला नियम असा, की मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला दार बंद. ग्रीन डे तिथेच वाढले. त्यांनी १९९३ मध्ये मोठ्या कंपनीशी करार केला, पुढच्या वर्षी 'डुकी' नावाचा अल्बम आला, तो जगभर कोटींच्या घरात खपला आणि गिलमनचं दार त्यांच्या तोंडावर आपटलं. पुन्हा उघडलं ते थेट २०१५ मध्ये, एका मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी.

"म्हणजे वर्गणी गोळा करायला चालतात," मी म्हणालो.

भाचा उठून गेला. पण हा भुंगा माझ्या डोक्यात सोडून गेला. गाणारा गरीब असेपर्यंत खरा आणि त्याचं घर झालं की खोटा, हा हिशोब नेमका कुणी मांडला? मला तरी असं दिसतं, की दुसऱ्याने अस्सल राहावं ही हौस बहुधा ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याला असते. आपण आठ तास विकून येतो, ओटी मिळाला तर बारा, आणि घरी येऊन सोफ्यावर बसून म्हणतो, हा गायक विकला गेला. आपल्या वाटचं बंड त्याने करावं, ते फुकट करावं आणि शक्यतो भाड्याच्या खोलीत राहून करावं.

पंकवाल्यांना हा पेच पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. द क्लॅश या बँडने जानेवारी १९७७ मध्येच सीबीएसकडून एक लाख पौंड घेतले. तेव्हा अनेकांनी पंकचं तेरावं घातलं. पण याच लोकांनी १९८० मध्ये 'सँडिनिस्टा!' नावाचा तीन तबकड्यांचा संच काढला आणि कंपनीशी भांडून तो जवळपास एका तबकडीच्या भावात विकायला लावला. त्यासाठी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली. साहेबाकडून पैसे घ्यायचे आणि ऐकणाऱ्याला मात्र महाग पडायचं नाही, हा व्यवहार मला बऱ्याच युनियनच्या करारांपेक्षा सरस वाटतो.

आणि मग येतं २००२ साल, ज्यात हे सगळं प्रकरण आमच्या दाराशी येऊन थांबतं. त्या वर्षी क्लॅशचं 'लंडन कॉलिंग' जॅग्वारच्या जाहिरातीत वाजलं. जग बुडतंय या भयाचं ते गाणं, आणि त्याच्या ठेक्यावर आलिशान गाडी. जॅग्वार तेव्हा फोर्डची होती. सहा वर्षांनी टाटा मोटर्सने ती लँड रोव्हरसकट विकत घेतली. टाटांचा पिंपरीचा कारखाना आमच्यापासून दोन हाका अंतरावर, आणि कासारवाडीच्या डोक्यावर नाशिक फाट्याला जो दुमजली उड्डाणपूल आहे, त्याला नाव जे. आर. डी. टाटांचं. भाच्याला मी म्हटलं, तुझा क्लॅश विकला गेला असेल, पण माल शेवटी आपल्याच वस्तीत आला.

त्याच वर्षी चुंबावांबा या लीड्सच्या बँडने त्याहून मोठी गंमत केली. हे लोक अराजकवादी. ईएमआयला शिव्या घालणाऱ्या एका संग्रहात त्यांचं गाणं होतं, आणि १९९७ मध्ये त्यांनी करार केला तो ईएमआयशीच. चाहत्यांनी ऊर बडवून घेतला. मग २००२ मध्ये जनरल मोटर्सने एका गाडीच्या जाहिरातीसाठी त्यांचं गाणं मागितलं. त्यांनी दिलं, पैसे घेतले आणि ते कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या चळवळीच्या संस्थांना देऊन टाकले. त्या संस्थांनी त्यातून जनरल मोटर्सच्याच विरोधात मोहीम चालवली. ज्याचा चहा घ्यायचा त्याच्याच गेटवर सभा. हीच जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावला कारखाना घेऊन आली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन बंद करून गेली. गेटबाहेर बसलेल्या कामगारांना चुंबावांबाची ही गोष्ट कुणी सांगितली असती तर ते हसले असते का, याचा मला अंदाज बांधता येत नाही. गाण्याने जनरल मोटर्सचा एक खिळाही हलला नव्हता, एवढं खरं.

आता नाशिक फाट्यावरून उजवीकडे वळू. भोसरी, मोशी, चाकण. चाकण ज्या खेड तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातल्या पूर-कनेरसर गावी १९४९ मध्ये नामदेव ढसाळ जन्मले. लंडनच्या पोरांनी कपड्यांत पिना खोचायच्या चार वर्षं आधी, १९७२ मध्ये, मुंबईत टॅक्सी चालवलेल्या या माणसाचा 'गोलपिठा' आला आणि त्याच साली दलित पँथरही उभी राहिली. सभ्य मराठी कवितेची घडी त्या एका पुस्तकाने अशी विस्कटली, की ती पुन्हा नीट बसली नाही, बसू नये. पंक पंक म्हणतात ते आपल्याकडे आधी पुस्तकातून आलं, आणि गिटारशिवाय आलं.

पुढची गोष्टही तीच. वरळीच्या दंगलीत पँथर ज्या शिवसेनेसमोर उभे ठाकले होते, तिच्या जवळ ढसाळ गेले, 'सामना'त लिहू लागले. १९९९ मध्ये पद्मश्री स्वीकारली. गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर निकाल लागला: संपला. मलाही त्यांचं ते राजकारण कधी पटलं नाही, आणि अजून पटत नाही. पण 'गोलपिठा' काढून पाहिला तर त्यातली एकही ओळ सौम्य झालेली नाही. कवी कुणाच्याही स्टेजवर गेला तरी पुस्तक जागचं हललं नव्हतं.

अस्सलपणाचा खरा खर्च कुठे पडतो हे कळायचं असेल, तर मात्र ढसाळांपेक्षा त्यांच्या पत्नी मलिका अमर शेख वाचाव्यात. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या त्यांच्या आत्मकथनात बंडखोराच्या घरातली चूल दिसते. बाहेर क्रांती चाललेली, आत दुधाचे पैसे थकलेले, आणि आणखीही बरंच, जे विनोदी लेखात लिहिण्यासारखं नाही. बिल बंडखोराच्या नावाने फाटतं, भरतं मात्र घर. मलिकाबाई तर शाहिराच्या पोटच्या. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर या त्रयीने १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा तिघांकडे मिळून डफ, तुणतुणं आणि मागावर पोलीस एवढंच भांडवल होतं. पंक बँडची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. त्यांतल्या अण्णा भाऊंवर टपाल खात्याने तिकीट काढलं, तेही २००२ मध्येच. आयुष्यभर सरकारविरुद्ध गायलेल्या माणसाच्या पाठीला सरकारी डिंक. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. निगडीत तर आधीच आहे आणि एक ऑगस्टच्या जयंतीला तिथे एवढे फ्लेक्स लागतात, की त्यांतल्या नेत्यांच्या गर्दीत अण्णा भाऊ शोधावे लागतात. जिवंत कलावंताला निदान नाही म्हणण्याची सोय असते. मेल्यावर कुणीही येतं आणि हार घालून जातं.

या सगळ्या कटकटीतून सुटलेले लोक त्याच चाकणच्या रस्त्यावर आणखी पुढे भेटतात, नारायणगावला. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. फडमालक विकायलाच बसलेला असतो आणि गिऱ्हाईकही ते जाणून असतं. तिथे कुणी कुणाला 'तू विकला गेलास' म्हणत नाही. म्हणतात ते एवढंच, की मागल्या वर्षी वग मध्यरात्रीच गुंडाळलात, यंदा पहाटेपर्यंत चालला पाहिजे. अस्सलपणा मोजायचं हे माप मला फार आवडतं.

भाच्याला मी हे सांगितलं. त्याचं कारण असं, की एव्हाना त्याच्याही बँडला सुपारी आली होती. त्याच्याच कंपनीच्या एचआर मॅडमनी फॅमिली डेला वाजवायला बोलावलं. लहान मुलांच्या फॅन्सी ड्रेसनंतर आणि हाउजीच्या आधी, वीस मिनिटं. मानधन पंधरा हजार. अटी दोन: शिव्या नकोत आणि अंगात कंपनीचा टी-शर्ट.

शेडमध्ये मोठी खडाजंगी झाली. भाचा म्हणाला, तत्त्वाचा प्रश्न आहे, आपण जायचं नाही. गिटारवाला कुंपणावर. ड्रमर त्याच कारखान्यात कंत्राटी आहे, त्याला पुढच्या महिन्यात ब्रेक लागणार होता. तो म्हणाला, "तत्त्वं तुझी, पाच हजार माझे. चल." परमनंट माणसाचं तत्त्व कंत्राटी माणसाने असं सहा शब्दांत खाली आणलं.

मी गेलो होतो, कामगाराचा मामा फॅमिलीत धरतात. या पोरांनी कँटीनच्या डाळीवर रचलेलं एक गाणं वाजवलं. डाळीतलं पाणी, पाण्यातली डाळ, कूपन कापणारा सुपरवायझर, आणि शेवटी प्लांट हेड साहेबांची वेगळी एसी डायनिंग. शिवी एकही नव्हती, पण रोख स्पष्ट होता. मी मनात म्हटलं, गेली भाच्याची नोकरी. तेवढ्यात पहिल्या रांगेतून साहेब उभे राहिले, डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागले आणि ओरडले, "वन्स मोअर!" सौ. साहेबांनी मोबाइलवर शूटिंग केलं. डाळ तीच राहिली.

परत येताना भाचा मोटारसायकलवर एक अक्षर बोलला नाही. पैसे घेतल्याचं त्याला दुःख नव्हतंच. ज्याच्यावर गाणं रचलं त्यालाच ते आवडलं, हा घाव होता. शिव्या ऐकून ईएमआयने पिस्टल्सना निदान हाकललं तरी. याला साहेबांनी पाठीवर थाप मारून पुढच्या वर्षीचं निमंत्रण दिलं. त्या थापेपुढे चांगले चांगले बँड गार झाले आहेत. पंधरा हजारांचं काय, ते दोन दिवसांत संपतात.

ड्रमरला यातलं काही लागलं नव्हतं. त्याला वेगळंच खटकलं होतं. फॅमिली डेचं निमंत्रण परमनंट कामगारांच्याच कुटुंबांना असतं. तो स्वतः मटेरियल गेटने ड्रमसकट आत आला होता. त्याच्या बायकोला आणि मुलीला आत सोडलं नव्हतं.

पुढच्या वर्षीसाठी आता त्यानेच एक गाणं केलंय. त्यात डाळ नाही, विनोद नाही. सात महिन्यांनी ब्रेक लागलेल्या कंत्राटी पोरांची नुसती नावं आहेत, एकामागून एक, कारखान्यातल्या वर्षांसकट. मी ऐकलं. साहेब वन्स मोअर म्हणतील असं वाटत नाही.

"मामा, हे वाजवलं तर माझी परमनन्सी जाईल," भाचा म्हणाला.

सुपारी घ्यायची यावर आता तिघांचं एकमत आहे. ताल बसलाय, चाल झालीय. माइकसमोर कुणी उभं राहायचं, यावर शेडमध्ये दर रविवारी बैठका चालू आहेत.