सचिवांची सचिवांना नोटीस

कायद्याशी माझा संबंध शेअर रिक्षात पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसण्यापुरता होता. म्हणजे मोडण्यापुरताच. तरीही आमच्या वसईतल्या सोसायटीने मला सचिव केलं. त्याचं असं झालं की सप्टेंबरअखेरची वार्षिक सभा गच्चीवर भरली, गणसंख्या नाही म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब झाली, त्या अर्ध्या तासात बटाटेवडे आले, समोर वडे असताना उठून जाणं माझ्या संस्कारांत बसत नाही, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते हे ठाऊक नसल्यामुळे मी निर्धास्त खात बसलेलो असताना उरलेल्या मंडळींनी जुन्या सचिवांचा राजीनामा, माझं नाव, सूचक, अनुमोदक आणि टाळ्या एवढं सगळं माझ्या दुसऱ्या वड्याच्या आत उरकून घेतलं. चटणी तिखट लागली म्हणून मी मान हलवली. ती संमती धरली गेली.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब ‘एम-२०’ घेऊन दारात हजर. मला ते ढेकणांवरचं औषध वाटलं. निघालं बंधपत्र. समितीने घेतलेले निर्णय अंगाशी आले तर समितीचे सगळे सदस्य एकत्रितपणे आणि एकेकटेही जबाबदार, असा त्याचा मायना. हा मायना मला सही केल्यावर कळला. वाचायला मला चष्मा लागतो, सहीला लागत नाही.

मग सोसायटीचं दप्तर घरी आलं. त्यात सातबाऱ्याचा उतारा निघाला आणि उताऱ्यावर आमच्या सोसायटीचं नावच नव्हतं. इतकी वर्षं पाहुण्यांना ‘आपली जागा’ म्हणून जी मोठ्या तोऱ्यात दाखवत आलो, ती खालची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर! खरं तर १९६३ चा मोफा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की सोसायटी नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. आमचे चार महिने गेल्या शतकात सुरू झाले होते. अजून चालू होते.

बिल्डर दाद देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने वाट काढून दिली आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, ते दोन्ही बाजू ऐकतात आणि बिल्डरची सही नसली तरी जमीन सोसायटीच्या नावे करण्याचा आदेश देऊ शकतात. याला सरकारदरबारी मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. आमचे चेअरमन ‘ते पालघरचं काम’ म्हणतात.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि आमची ठाण्याची खेप सुटली, तेव्हा मी उत्साहाने विरारहून डहाणू लोकल पकडली, केळवे रोड येईपर्यंत उपनिबंधकांच्या कार्यालयात कायदा कसा मांडायचा याची मनातल्या मनात तालीम केली, टेबलापाशी पोचल्यावर वकिलासारखा घसा साफ करून फाइल उघडली, आणि आत आमच्या सौ.च्या भिशीचा हिशोब निघाला. पलीकडच्या बाईंनी तो शांतपणे चाळला. म्हणाल्या, “हिशोब फार छान ठेवलाय. सोसायटीची फाइल कुठाय?”

ती फाइल दुसऱ्या खेपेला नेली, तेव्हा त्यांनी कागदांची यादी हातात दिली. मंजूर नकाशा आमच्या दप्तरात नव्हताच, म्हणून महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करायचं ठरलं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अशा अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण १५० शब्दांत मांडावा. आता तुम्हीच सांगा, लेख लिहिणाऱ्या माणसाला १५० शब्दांत नमस्कार तरी घालता येतो का? मी सुरुवात १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला तिथून केली, १९९० मध्ये सिडको इथे नियोजन प्राधिकरण म्हणून आली तिथवर पोचायला तीन पानं लागली, मग ३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून महापालिका झाली तो सगळा प्रसंग रंगवला, आणि नकाशा मागायचाच राहिला. तळमजल्यावरच्या पेन्शनर काकांनी शिसपेन्सिलीने चिमाजी अप्पांपासून सगळ्यांना खोडलं आणि एकच वाक्य ठेवलं. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला. नकाशा मिळाला.

नकाशा मिळाला आणि माझे दिवस फिरले. अर्जाला आर्किटेक्टचा दाखला लागतो. तो तरुण एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात नकाशा घेऊन घरोघर फिरला आणि आमच्याकडे येऊन थबकला. “काका, नकाशात इथे बाल्कनी आहे.” मी म्हटलं, “आहे की! आत घेतलीय.” नुसती आत घेतली नव्हती. बाहेर ग्रिल, त्याला सरकत्या काचा, आत सौ.चं देवघर, लोणच्याच्या बरण्या आणि माझं लिहायचं टेबल. वसई-विरारमधल्या अनधिकृत बांधकामांबद्दल जागरूक नागरिक म्हणून मी वर्तमानपत्रांना जी जळजळीत पत्रं पाठवतो, ती सगळी याच टेबलावर लिहिलेली आहेत.

समितीने ठराव केला: परवानगीशिवाय ज्यांनी ज्यांनी बाल्कनी आत घेतली, त्यांना सचिवांच्या सहीने नोटीस. यादीत पहिले सचिवच. मी मला ‘महोदय’ असं आदराने लिहिलं, पंधरा दिवसांत खुलासा मागवला, पोचेवर सही केली, आणि रात्री जागून खुलासा खरडला की पावसाचं पाणी आत येतं, घर लहान आहे, शेजाऱ्यांचीही आत आहे, कुणाला त्रास नाही. सकाळी चष्मा लावून सचिवाच्या नात्याने वाचला. असमाधानकारक वाटला. सौ. आतून म्हणाली, “अहो, त्या सचिवांना चहा तरी विचारा, फार चिडलेत!”

खुलाशातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण ‘शेजाऱ्यांचीही आत आहे’ हे वाक्य मोठ्या माणसांच्या तोंडी गेलं की त्याच्या इमारती होतात. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर अशाच ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२४ पासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून जास्त कुटुंबं रस्त्यावर आली. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे त्यांना घर विकताना कुणी सांगितलं नव्हतं. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी पकडलेल्या एका प्रकरणात तर सरकारी कार्यालयांचे शिक्के आणि लेटरहेडसुद्धा बनावट निघाले. त्या कुटुंबांची आणि माझी गोष्ट एक नाही. त्यांना फसवलं गेलं. मी ग्रिलवाल्याला आगाऊ पैसे देऊन बोलावलं होतं.

ग्रिल उतरवलं. देवघर हॉलमध्ये आलं, बरण्या फडताळात गेल्या आणि टेबल मिक्सरशेजारी, त्यामुळे या लेखात कुठे चटणी वाटल्यासारखं वाटलं तर तो दोष माझा एकट्याचा नाही. पालघरला अर्ज दाखल झालाय. बाई मला पाहिल्यावर आधी भिशीची चौकशी करतात.

तेव्हा मंडळी, आमच्याकडे घर घ्यायला आलात तर पहिल्याने सातबारा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला बघा. नवी इमारत असेल तर २०१७ पासून महारेरा आहे, तिथली नोंदणीही बघा. विकणाऱ्याने हातात ठेवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, कार्यालयातून आपली प्रत आपण काढा. माहितीच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि १५० शब्द पुरतात. किल्ला वगळलात तर निम्म्यात होतं.