गुळाचा खडा आणि पंचावन्न मिनिटं

स्टुटगार्ट, शनिवार

ती. अप्पा आणि आई,



आई, तू फोनवर "तसं काही नाही गं" असं सारखं म्हणायला लागलीस, तेव्हाच मी ओळखलं की तसं काहीतरी आहे. मग वहिनीला फोन लावला. तिनं आधी "माझं नाव सांगू नका हं ताई" असं वदवून घेतलं आणि मग पाऊण तास सांगितलं. अप्पा, तिला बोलू नका. दादा त्याच फोनवर मागून दुरुस्त्या सुचवत होता.

मला कळलेला प्रकार असा. अप्पांनी दीक्षित डॉक्टरांचं दोन वेळचं जेवण धरलं, सकाळी दहाला आणि संध्याकाळी सातला. मध्ये काही नाही. शुगरची गोळी मात्र होती तीच, होती तेवढीच. त्यात रिटायर झालेल्या माणसानं शिरोलीला फौंड्रीत "नुसतं डोकावून येतो" म्हणून जायचं आणि पोअरिंग संपेपर्यंत लॅडलच्या बाजूला उभं राहायचं. चारच्या सुमाराला हातपाय कापायला लागले, दरदरून घाम सुटला. भट्टीजवळ घाम आला तर कोण बघणार? कोअर शॉपमधल्या एका पोरानं ओळखलं, कारण त्याच्या आईला असंच होतं. त्यानं गुळाचा खडा पुढे केला. आणि आमचे तीर्थरूप, उभं राहता येईना, जीभ जड झालेली, त्याला म्हणाले, "आत्ता नको. सातला वेळ आहे अजून. मध्ये खाल्लं की इन्सुलिन उसळतं."

हे ऐकून मी आधी पोट धरून हसले. मग फोन ठेवला आणि गॅसपाशी नुसती उभी राहिले. जावई आतून विचारत आले की काय जळतंय. पोहे जळत होते.

मीटरवर ५८ आली म्हणे. सत्तरच्या खाली गेली की वेळापत्रक बघायचं नसतं, अप्पा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, तरी खालीच असेल तर परत घ्यायची. मग पोटात काहीतरी भाकरी-बिस्कीट घालायचं. त्या पोराला माझ्याकडून एक शर्टपीस घ्या. खरंच घ्या, "बघू" म्हणू नका.

थांबा, मशीन वाजलं. कपडे वाळत घालून येते.

आले. आता मुद्द्यावर. तुम्ही फोनवर मला दरडावलंत, "एवढा शिकलेला डॉक्टर सांगतोय, आणि तू आम्हाला अविश्वास शिकवतेस?" अप्पा, दीक्षित डॉक्टरांवर माझा काडीचाही राग नाही. नागपूरच्या जिचकारांचं सांगणं त्यांनी गावोगाव नेलं, फी न घेता भाषणं दिली. एका वेळचं जेवण ५५ मिनिटांत संपवा, दिवसातून दोनदाच जेवा, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. एवढं सोपं सांगितलं म्हणून तर अख्ख्या महाराष्ट्रातल्या लग्नांत "मी दीक्षित आहे" असं सांगून लोक जिलेबी नाकारायला लागले. पण "विनासायास वेटलॉस" हे त्यांचं पुस्तक तुमच्याच कपाटात आहे, मागच्या खेपेला मी चाळलंय. सुरू करण्याआधी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासा, हे तेच सांगतात. अठराच्या आतल्या मुलांनी, गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी, टाइप वन मधुमेहाच्या लोकांनी हे करू नये, हेही तेच सांगतात. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली करा, हेसुद्धा. तुमच्यापर्यंत काय पोचलं? बबनमामांनी फॉरवर्ड केलेला तीन मिनिटांचा तुकडा. त्यात पंचावन्न मिनिटं होती, बाकीचं भाषण नव्हतं.

तुमची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात जेवण आहे की नाही हे ती विचारत नाही. मेटफॉर्मिन एकटी असती तर शुगर सहसा एवढी खाली गेली नसती. म्हणजे जेवण कमी करायचं तर गोळीचा हिशेब बदलायचा, आणि तो आपल्या डॉक्टरांनी बदलायचा. तुम्ही नाही, मी नाही, बबनमामा तर मुळीच नाहीत.

आता आई, तू हसू नकोस. तुझी पाळी आलीच आहे. अप्पा दीक्षितांचे, तर तू आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची. अप्पांना दिवसातून दोनदा, तुला दर दोन तासांनी. वहिनी म्हणते, घरात दोन पक्ष झाल्यापासून गॅस बंदच होत नाही. दिवेकरबाईंनी मूठभर शेंगदाणे सांगितले, ते तू ऐकलंस. त्यांनी सांगितलेली मूठ आणि तुझी मूठ यांत माझ्या लहानपणापासून फरक आहे. घरचं तूप खा म्हणाल्या, तर तू ते भाकरीवर, भातावर, वरणात आणि शिवाय वरून असं घेतेस. अप्पांना जेवण कमी करायचं होतं, तुला वाढवायचं होतं, दोघांनाही आपापला तज्ज्ञ सापडला.

तुपावरून आठवलं. तू पाठवलेलं पार्सल मिळालं. म्हणजे अर्धं मिळालं.

पार्सल घरी आलंच नाही, कागद आला. कस्टमच्या कचेरीत स्वतः येऊन सोडवून घ्या. कचेरी गावाबाहेर, उघडते सकाळी, बंद होते दुपारी, आणि जावई दोन्ही वेळेला कामावर. अर्धा दिवस रजा टाकून मीच गेले. तिथं आपलं पार्सल आपणच अधिकाऱ्यासमोर फोडायचं. कात्री त्यांची, लाज आपली. तुझा दोरा, त्यावर सेलोटेप, त्यावर दादाचं जुनं बनियन, त्यावर परत दोरा. साहेब शांतपणे बघत होते. मग एकेक जिन्नस वर. कांदा-लसूण चटणी. "हे काय?" तिखट. "कशासाठी?" याला काय उत्तर द्यायचं! भडंग. गुळाची ढेप. ती त्यांनी उलटीसुलटी करून बघितली आणि वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी माणसासारखं आलं.

आणि मग तुपाची बरणी. युरोपच्या बाहेरून टपालानं दूध, दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, जनावरांचे रोग येऊ नयेत म्हणून. मी सांगितलं, हे कढवलेलं आहे, यात काही जिवंत राहत नाही. ते म्हणाले, नियमात दुधाचा पदार्थ असं लिहिलंय. मी म्हटलं, आमच्या म्हशीचं आहे. (खोटं. तुझ्या गवळ्याच्या म्हशीचं.) ते म्हणाले, म्हशीचंसुद्धा दूधच असतं. तूप तिथंच राहिलं, नष्ट करायला. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यालेल्या माणसाच्या नातीचं तूप नष्ट केलं जातं, हे आजोबांना सांगू नकोस, फोटोतून बाहेर येतील.

पुढे किमतीवरून वाद. भेट म्हणून आलेलं ४५ युरोपर्यंतचं पार्सल करमुक्त असतं. तू फॉर्मवर "किंमत" या रकान्यात "अमूल्य" असं लिहिलंस! आई, प्रेम कळलं. पण साहेबांनी तो शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये घातला आणि त्यांच्या कपाळावर जी आठी पडली ती अर्धा तास उतरली नाही. पुढच्या वेळी रुपयांत लिही. खरी किंमत लिही.

घरी येऊन चटणीची पुडी उघडली आणि अख्खा जिना शिंकला. मी मात्र पुडी हातात घेऊन तशीच बसले. तुझ्या फोनमध्ये मागे हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात ना, तू म्हणतेस, "थांब, खिडकी लावते." नको लावत जाऊस. इथं इतकं शांत असतं की फ्रीज बंद पडला तर कळतं. आमच्या ओमला विचारलं, आजीकडचं काय आठवतं, तर म्हणाला, पंचगंगेचा पूल आणि पुलावर आल्यावर अप्पा खिडकी खाली करायचे ते.

खालच्या मजल्यावरच्या आजी आत्ताच येऊन गेल्या. शिंकांची चौकशी नव्हती. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची आहे आणि दाराला पाटी लटकलेली असताना केर अजून तिथंच आहे, हे सांगायला आल्या होत्या. ही इथली जुनी पद्धत. पाटी ज्याच्या दारी त्यानं जिना, तळघर आणि फुटपाथ झाडायचा. झाडून येते.

हं. अप्पा, आता तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलते. मी पाचवीत असताना तुम्ही मला शिरोलीला नेलं होतं. भंगारवाल्या शेठचा माल वर्षानुवर्षं येत होता, दिवाळीला पेढे येत होते, कागदावर ग्रेड लिहून यायची. तरी प्रत्येक हीटला तुम्ही आधी वेज, म्हणजे पाचरीसारखा नमुना, ओतून घ्यायचात, गार झाला की फोडायचात आणि पांढरी कड किती आली ते डोळ्याजवळ नेऊन बघायचात. नंतर स्पेक्ट्रो आलं, तरी वेज सोडला नाहीत. मी विचारलं होतं, शेठवर विश्वास नाही का? तुम्ही म्हणालात, "विश्वास आहे म्हणून तर माल घेतो. पण ओतायचं माझ्या साच्यात आहे." त्या शेठला यात कधी अपमान वाटला नाही. मग डॉक्टरला तरी का वाटावा?

तुमचा साचा वेगळा आहे, एवढंच म्हणणं. जावयांच्या ऑफिसातल्या एकीनं ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास दाखवला, २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेला. कमी उष्मांकाच्या आहारानं टाइप टू मधुमेह मागे हटतो का, हे बघितलं. वर्षभरानं जवळपास निम्म्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत शंभरात चार. म्हणजे जेवण बदलून फरक पडतो, तुम्ही हवेत बोलत नाही. पण पुढचं वाचा. आहार सुरू झाला त्याच दिवशी त्यांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या थांबवल्या होत्या, दवाखान्याच्या नजरेखाली. आणि घेतलेली माणसं कोण? ज्यांना मधुमेह होऊन सहा वर्षंही झाली नव्हती आणि जी इन्सुलिनवर नव्हती. तुमची शुगर सापडली २००५ च्या पुराच्या वर्षी. त्या निम्म्यांत तुम्ही बसता की नाही, हे त्या अभ्यासाला ठाऊकच नाही.

आणि "एवढा मोठा माणूस" हे तर राहूच द्या. लायनस पॉलिंगना दोन नोबेल होती, एक रसायनाचं, एक शांततेचं. क जीवनसत्त्वाचा भरपूर मारा केला की सर्दी टळते असं त्यांनी १९७० मध्ये पुस्तकच लिहिलं. लोकांनी पुढे मोजून बघितलं, तर सर्वसाधारण माणसाची सर्दी काही टळेना. नोबेल खरी, सर्दीही खरी.

इथल्या डॉक्टरांचं सांगते. ओमला ताप आला तेव्हा मी सवयीनं इंजेक्शनची वाट बघत बसले. बाईंनी तपासलं आणि सांगितलं, चहा पाजा, झोपू द्या. मी खुर्चीतून उठेना. मग त्यांनीच विचारलं, काही प्रश्न? मी विचारलं, कधी घाबरायचं? त्यांनी लगेच कागदावर लिहून दिलं, किती दिवस, किती ताप, कोणती लक्षणं. माझं समाधान चहानं झालं नाही, त्या कागदानं झालं.

अजून एक कागद इथला मला आवडला. तीन किंवा जास्त औषधं कायमची चालू असतील तर २०१६ पासून इथल्या पेशंटला एका पानाचा तक्ता मागायचा हक्क आहे. औषधाचं नाव, ताकद, सकाळी-दुपारी-संध्याकाळी-झोपताना किती, आणि शेवटच्या रकान्यात कशासाठी. तुमच्या हीट रजिस्टरपेक्षा सोपं आहे. दादाला सांगून एक पान आखून घ्या. शुगरची, बीपीची, कोलेस्टेरॉलची, शिवाय ती आयुर्वेदिक पुडी जी तुम्ही औषधात धरत नाही, सगळं लिहा. पान घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. गुपचूप काही सोडू नका आणि गुपचूप काही धरूही नका. त्यांना नुसतं सांगा, मला दोन वेळा जेवायचंय, गोळ्यांचं काय करू? शुगर किती वेळा मोजू? किती आली तर फोन करू? भट्टीजवळ जाऊ का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आईला आधीच ठाऊक आहे. तरी विचारा.

आई, तुझं कोलेस्टेरॉल त्याच फेरीत करून घे. तुपाचं त्यानंतर बघू.

आता तुझ्या बातम्या. मावशीच्या पप्पूचं निपाणीत ठरलं हे ऐकून आनंद झाला, पण मुलगी पीएचडी करतेय आणि पप्पू अजून बाराखडीत अडकतो, हे तिकडच्यांना सांगितलंय ना? समोरच्यांनी बोअर मारलं आणि आपल्या नळाचं पाणी कमी झालं, या दोन गोष्टींचा संबंध असेलच असं नाही. दादानं नवी गाडी काळी घेतली. शिरोलीच्या धुळीत काळी! रोज पुसायला वहिनी आहे, म्हणून घेतली असणार. आत्याच्या गुडघ्याला कुणी तेल सांगितलं असेल तर लावू दे, पण पोटात घ्यायचं काही असेल तर आधी मला फोटो पाठव.

रिपोर्ट आले की तेही पाठव. मागच्या खेपेला फोटोत अप्पांचा अंगठा छान आला होता, शुगर दिसत नव्हती.

पप्पूच्या साखरपुड्याला माझ्या नावानं साडी घेऊन ठेव, मोरपंखी. किमतीच्या रकान्यात मला तरी "अमूल्य" सांगू नकोस, जावई पैसे पाठवणार आहेत.

तुमची,
शुभा

ता. क. अप्पा, खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवा. गूळ नको, उन्हात पाघळतो आणि मग आई शर्टावरून बोलते.