मॉइश्चर किती लागलं?

अहमदपुरात आता हॉटेलच्या पोटात चायनीज हॉटेल असतं. दर्शनी भागात चहा-भजी, वर लॉजिंग, मागं फॅमिली रूम आणि तिच्या भिंतीवर ड्रॅगन. ड्रॅगन म्हणजे नागपंचमीच्या चित्रातला नाग, पाय फुटलेला. गेल्या दिवाळीचा लाल आकाशकंदील उतरवायचा राहून गेला की चीन पुरा झाला. एवढ्या भांडवलावर मेनूकार्डात शेजवान, हाक्का, ट्रिपल अशी चार पानं भरतात. शेजवान चटणी चाखावी, तर लसणाचा ठेचाच व्हिनेगरात बुडी मारून वर आलेला.

तक्रार त्याची नाही. मंचुरियन 1970 च्या दशकात मुंबईत जन्मलं आणि मंचुरियात त्याला कुणी ओळखत नाही, हेही आता शाळकरी पोरांना पाठ आहे. तक्रार आहे टेबलावरच्या काळ्या बाटलीची. सोया सॉसची.

शिरूर ताजबंदचा शेतकरी धान्याच्या मोंढ्यात सोयाबीन घालून पोराच्या हट्टापायी इथं येऊन बसतो. खिशात विक्रीची पट्टी असते. सकाळी मशीननं त्याच्या मालाचं मॉइश्चर बघितलेलं असतं. हमीभावानं घालायचं तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शिवारातून वाहिल्या, उभं पीक पाण्यात कुजलं, पण नियमातला बारा काही भिजला नाही. अडतीवर मूठभर दाणे तळहातावर खेळवत "ओल हाय की मालक" म्हटलं जातं आणि भाव एक पायरी उतरतो. दाणा काळा पडलाय, म्हणजे डागी. आणखी एक पायरी. मग मातेरं, मग हमाली, तोलाई. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, मोंढ्यात मात्र चार हजारांच्या आसपास.

आणि वेटर विचारतो, "ड्राय का ग्रेव्ही?"

ओल किती हवी, हे त्याला दिवसभरात विचारणारा हा पहिला माणूस. तो भांबावतो. पोरगा म्हणतो, "पप्पा, ग्रेव्ही."

आता ग्रेव्हीतल्या त्या सॉसचं बघा. खरा सोया सॉस करायचा तर शिजवलेलं सोयाबीन आणि भाजलेला गहू एकत्र करून त्यावर मुद्दाम बुरशी वाढवतात, मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. म्हणजे बुरशी मोंढ्यात लागली तर कट्टा माघारी आणि बरणीत लागली तर चव! इथल्या बाटलीला तेवढंही मुरणं परवडत नाही. वजनानं सगळ्यात जास्त असलेला घटक लेबलवर आधी छापावा लागतो आणि स्वस्त सॉसवर तो पहिला शब्द बहुधा पाणी असतो. मग मीठ, साखर, कॅरॅमलचा रंग, आणि शेवटी कुठंतरी, लग्नाच्या पत्रिकेतल्या लांबच्या चुलत्यासारखं, सोयाबीन. चौदा टक्के ओल लागली म्हणून शेतकऱ्याला गुन्हेगारासारखं उभं करणारं ते मशीन या बाटलीत घालायची हिंमत आहे का कुणाची? काळा दाणा डागी आणि काळं पाणी स्पेशल? प्लेट 180 रुपयांची धरली तरी शेतकऱ्याचे साडेचार किलो गेले, त्या प्लेटीत सोयाबीन चमचाभर नसताना. पाण्याला भाव हवाच असेल, तर सप्टेंबरात त्याच्या शिवारात गुडघाभर होतं, तेव्हा का नाही कुणी वजनकाटा घेऊन आलं?

गंमत अशी की या अख्ख्या चायनीज पसाऱ्यात खरोखर चीनचं असं सोयाबीनच आहे. काही हजार वर्षांपूर्वी त्याची शेती तिकडंच सुरू झाली. ड्रॅगन नांदेडच्या पेंटरचा, कोबी बाजारातला, नूडल्स मैद्याच्या, आणि अस्सल चिनी असामी बाहेर मोंढ्यात ताडपत्रीवर पडून गिऱ्हाइकाची वाट बघतेय.

पोरानं ग्रेव्ही चाटूनपुसून संपवली. वरनं चायनीज भेळ मागवली. शेतकऱ्यानं त्यातली तळलेली एक नूडल उचलली आणि खळ्यावर दाणा बघावा तशी दाढेखाली धरली. कट्ट झालं.

"हे वाळलंय," तो म्हणाला. "बाराच्या आत हाय."

वेटरनं बडीशेपेसोबत बिल आणून ठेवलं. ते ग्लासाखालच्या पाण्यानं भिजलं होतं.