मांजरसुंब्याचा फाटा

बारावीला केमिस्ट्रीत मला काठावर ३५ मार्क पडले होते. ही गोष्ट मी घरात वीस वर्षं दाबून ठेवली आणि तेच अंगाशी आलं. परवा अंबाजोगाईला ताईकडे गेलो, तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत भाची वही घेऊन समोर. "मामा, नॉमेनक्लेचर सांगा ना."

आधी मी इतिहासात शिरलो. तिथं कुणी तपासत नाही. म्हटलं, मला घरी बाळू म्हणतात, आधार कार्डावर वेगळंच नाव, रसायनांचंही तसंच. मुंग्यांपासून मिळालं म्हणून फॉर्मिक ॲसिड, कारण लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. आधार कार्डावर मात्र मिथेनॉइक ॲसिड! असली टोपणनावं फार झाली, तेव्हा १८९२ साली जिनिव्हात मंडळी बसली आणि नावांचे नियम ठरले. १९१९ मध्ये निघालेल्या आययुपॅक या रसायनशास्त्राच्या संघटनेने ते काम पुढं चालवलं.

"इतिहास पेपरात नाही, मामा."

मग मी एसटी काढली. अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड. पाच थांबे म्हणजे पाच कार्बन, म्हणजे पेंटेन. मांजरसुंब्याला चौसाळ्याकडं फाटा फुटतो. तिथं एकच कार्बन लाव, तो मिथाइल. आता अंबाजोगाईकडून मोजलं तर फाटा चौथा, बीडकडून दुसरा. लहान आकडा घ्यायचा. नाव झालं २-मिथाइलपेंटेन. भाचीनं मान डोलावली. आतल्या खोलीतून ताई म्हणाली, "बाळ्या, तू कॉलेजातच शिकवायला पाहिजे होतंस."

इथं उठायला हवं होतं.

भाचीनं पुढचं काढलं: चार कार्बन आडवे, दुसऱ्याच्या खाली दोन लोंबकळलेले. मी आडवी ओळ मोजली आणि न थांबता सांगितलं, "२-इथाइलब्यूटेन."

ती वहीकडं बघत राहिली. मग लोंबकळणाऱ्या टोकावर पेन ठेवून वर आली, वळली, ओळीच्या शेवटापर्यंत गेली. पाच. सगळ्यात लांब साखळी ती. बाहेर राहिला एक मिथाइल. ३-मिथाइलपेंटेन.

"मामा, मांजरसुंब्याला बस वळते. तिथं रस्ता संपतो का?"

आतून ताईचा आवाज आला नाही.

सकाळी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी बोटांवर मोजत होतो. मांजरसुंब्याला गाडी वळली, मी चार म्हटलं. मग आठवलं, बीडकडून दोन. कंडक्टर दोनदा बघून गेला. त्याला वाटलं, सुट्ट्या पैशाचा हिशेब चाललाय.