कृतज्ञतेचा ताळेबंद

उपकारस्मरणास मुहूर्त लागत नाही, हा आपला भाबडा समज; अमेरिकेत १८६३ साली लिंकनसाहेबांनी जाहीरनामा काढून नोव्हेंबरातील जो अखेरचा गुरुवार आभारदिनासाठी मुक्रर केला, तो १९३९ साली रूझवेल्टसाहेबांनी, नाताळच्या खरेदीस अधिक दिवस मिळावेत या दुकानदारांच्या अर्जास मान देऊन, तीस तारखेवरून तेविसावर आणला. काही राज्यांनी हा हुकूम शिरोधार्य मानला, काहींनी जुनाच गुरुवार पाळला, आणि १९४१ साली कायदेमंडळाने चौथ्या गुरुवारावर शिक्कामोर्तब करीपर्यंत परमेश्वराचे आभार दोन हप्त्यांत वसूल होत राहिले.

पुढे २००३ साली एमन्स व मॅक्कलॉ या मानसशास्त्रज्ञांनी, दर आठवड्यास आपल्यावरील पाचेक उपकार टिपणाऱ्यांचे चित्त अधिक प्रसन्न आढळल्याचे प्रसिद्ध केले मात्र, तमाम कचेऱ्यांच्या अंमलदारांस साक्षात्कार झाला की, वहीत धन्यवाद लिहिणारा कारकून वर्षअखेरचे काम दुप्पट उपसतो आणि पगारवाढ निम्मी मागतो.

पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या चाकरीत असलेला आमचा भाचा ऐन दिवाळीत, फराळाची ताटली मांडीवर घेऊन, असाच एक तक्ता भरीत होता : पहिल्या रकान्यात प्रकृती, दुसऱ्यात साहेब, तिसऱ्यात साहेबांचे साहेब, चौथा रकाना भरल्याखेरीज तक्ता दाखल होईना, तेव्हा क्षणभर चिंतन करून त्याने 'मातृप्रेम' लिहिले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

इतक्यात, पहाटेपासून कढईपुढे उभी असलेली त्याची आई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, चकली कशी झालीय, एवढं तरी सांगशील?"

"थांब गं आई," तो म्हणाला, "कृतज्ञतेचं काम चाललंय."