चाळिशीतले कमांडो

सुरतजवळच्या कडोदरा चार रस्त्यावर पहाटे आमचे एक खानदेशी भाऊ कमांडो होण्यासाठी धावतात. अंगात चट्ट्यापट्ट्यांची लष्करी पँट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. मिलच्या धुरात दम लागतो न लागतो, तोच लोचोच्या नाश्त्याची गाडी आडवी येते आणि मोहीम तिथेच स्थगित! अग्निवीराचं वय केव्हाच उलटलं. पण प्रादेशिक सेना नोकरी-धंदा सांभाळणाऱ्यांना 42 पर्यंत अधिकारी म्हणून घेते, हे तोंडपाठ.

"धोनीनं नाही का चौतिशीत पॅराशूटनं उड्या मारल्या?"

मारल्या, 2015 साली, आग्र्याला, पाच. पण त्याआधी तो विकेटांमध्ये धावत होता, तुम्ही उधारीमागे. भाऊ, देशसेवेला वय आड येत नाही, पोट येतं. आधी ते हटवा. शत्रूचं काय ते लष्कर बघून घेईल.