पाच मिलीचं काय घेऊन बसलात!

लोणावळ्यात घर असलेल्या माणसाला नातेवाईक कमी पडत नाहीत. जून सरत आला, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागल्याचे फोटो पेपरात झळकले, की डोंबिवलीपासून चिंचवडपर्यंतच्या तमाम चुलत, मावस आणि आते शाखांना आमची आठवण दाटून येते. येताना ते छत्र्या आणत नाहीत (भिजायलाच तर आलोय!), टॉवेलही आणत नाहीत. मुलांची औषधं तेवढी न चुकता आणतात आणि न चुकता विसरून जातात. चिक्कीची पिशवी विसरलेला पाहुणा मात्र अजून जन्माला यायचाय.

या विसराळूपणातून आमच्या घरी एक औषधालय उभं राहिलं आहे. ते श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात असतं. त्यात ठाण्याचा खोकला आहे, कोथरूडची सर्दी आहे, नाशिकचे जंत आहेत. सगळ्या बाटल्या अर्ध्या, सगळ्यांची टोपणं चिकट, आणि आमच्याकडच्या पावसाळी हवेत लेबलांना बुरशी धरत असल्यामुळे बहुतेकांचा जन्मदाखला गहाळ. नाव एक वेळ वाचता येतं. मुदत संपल्याची तारीख सगळ्यांत आधी जाते. बायको हा डबा दरवर्षी फेकायला काढते आणि आत्या दरवर्षी तो परत आत ठेवते. “असू दे, अडीअडचणीला लागतं.”

ती अडचण एका जुलैतल्या शनिवारी रात्री आली. चुलतभावाचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर भुशीवर भिजला, वर कणीस खाल्लं, त्यावर पुन्हा भिजला आणि रात्री तापानं फणफणला. काखेतला थर्मामीटर १०२ दाखवत होता. पोरगं मात्र पांघरुणात बसून गाडी चालवत होतं. खरं तर ताप असूनही मूल खेळतंय, पाणी पितंय, तर औषधाची एवढी घाई नसते. औषध आकड्याला नव्हे, अंगदुखीला आणि किरकिरीला द्यायचं असतं. झोपलेल्या मुलाला उठवून तापाचं औषध पाजायचीही गरज नसते. (तीन महिन्यांच्या आतल्या बाळाची गोष्ट निराळी. त्याला ताप म्हणजे तडक डॉक्टर, तिथे ललितलेख नको.) पण घरात सात मोठी माणसं जागी असताना एका लहान मुलाला नुसतं तापू द्यायचं, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. श्रीखंडाचा डबा दिवाणखान्यात आला.

डब्यात तापाची औषधं तीन निघाली. तिन्ही पॅरासिटामॉलच. “द्या कुठलंही, पाच मिली,” भाऊ म्हणाला. आत्या म्हणाली, “पाचच. आमच्या वेळी सगळ्यांना पाचच द्यायचे.” वहिनी म्हणाली, “आमच्या डॉक्टरांनीसुद्धा मागे पाचच लिहून दिलं होतं.” एखाद्या गोष्टीवर आमच्या खानदानाचं इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलेलं नाही, जमिनीच्या वाटणीत तरी दिसलं नव्हतं.

मी चष्मा लावून लेबलं वाचली. पहिल्या बाटलीवर लिहिलं होतं, ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. दुसरीवर ५ मिलीत २५०. तिसरी म्हणजे तान्ह्या बाळांचे थेंब, इवलीशी बाटली, वर सशाचं चित्र, आणि त्यात एकाच मिलीत १००. म्हणजे एकमतानं मंजूर झालेले ते पाच मिली पहिल्या बाटलीतून दिले तर १२० मिलिग्रॅम, दुसरीतून २५० आणि सशाच्या बाटलीतून ५००. सगळ्यात छोट्या बाळाचं औषध सगळ्यात कडक! थेंबाथेंबानं द्यायचं म्हणून ते मुद्दाम घट्ट केलेलं असतं, पण सशाकडे बघून हे कुणाच्या डोक्यात येणार?

आता खरं किती द्यायचं? वहिनीनं डोंबिवलीच्या त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी त्या भल्या माणसानं तो उचलला आणि एकच प्रश्न विचारला, “वजन किती?”

शांतता.

“अठरा,” भाऊ म्हणाला. “काहीतरीच! बारा,” वहिनी म्हणाली. बापाला मूल नेहमी जड वाटतं, कारण धरणावर खांद्यावर तोच घेतो. आईला नेहमी हलकं वाटतं, कारण ते तिच्या हातचं खात नाही. आमच्याकडे वाकसईहून कामाला येणाऱ्या मावशी त्या रात्री पावसामुळे मुक्कामाला होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, “आमच्या नातीचं तेरा किलो सहाशे. अंगणवाडीतल्या ताई दर महिन्याला काट्याला टांगत्यात ना.” इंग्रजी माध्यमाची भरभक्कम फी भरणाऱ्या आईबापांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे झाले.

वजनकाटा घरात होता, पण पोरगं त्यावर उभं राहीना. उपाय सोपा: बापानं मुलाला घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, आणि वजाबाकी करायची. भाऊ काट्यापासून दोन पावलं मागे सरकला. सासुरवाडीचे दोघं हजर होते. “अंदाजे धरा ना,” तो म्हणाला. शेवटी मुलगा कडेवर देऊन त्याला ढकलून चढवलं. १०६. मग एकटा, ९२. मुलाचं वजन १४ निघालं आणि भावाचं जगजाहीर झालं. पुढे दोन दिवस कुणी त्याला भजी वाढली नाहीत.

गणित आता सरळ होतं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे चौदा किलोला १४० ते २१०. पहिल्या बाटलीतले पाच मिली थोडे कमी पडले असते, दुसरीतले जास्त झाले असते, आणि सशानं तर दुपटीहून अधिक दिलं असतं. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही, कारण जास्तीचा सगळा हिशेब यकृत चुकता करतं. तेवढ्यात आत्यानं डब्यातून सर्दीचीही बाटली काढली होती. “नाक वाहतंय, हेही दोन चमचे.” तिच्या लेबलावर बारीक अक्षरात चार नावं होती आणि त्यातलं एक पुन्हा पॅरासिटामॉल. हा पाहुणा वेगळ्या नावानं, मागच्या दारानं परत येतो. नाव दुसरं, रंग दुसरा, चव दुसरी, आत तोच.

आत्याला दोष द्यायचा नाही, कारण मापाच्या बाबतीत तिच्याइतकी काटेकोर बाई मावळात नसेल. आम्हा सगळ्यांना तिनंच बाळगुटी दिली. सहाणेवर मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, हिरडा, खारीक, बदाम हे सगळं उगाळताना ती वेढे मोजायची. पहिल्या महिन्यात एकेकच वेढा, मग वयाप्रमाणे वाढ, आणि जायफळाचा वेढा एकाचा दोन झाला तर आजी ओरडायची, “पोर दोन दिवस उठायचं नाही!” त्या काळी दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा औषधाच्या बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक वेळ. अंगठ्याचं नख खाचेवर धरून औषध ओतलं जायचं. हीच आत्या आता सिरप हातात आलं की पोह्यांचा चमचा शोधते. तयार बाटलीतलं औषध गोड लागतं, गुलाबी दिसतं, आणि गोड गोष्ट आपल्याकडे मोजून देत नाहीत.

रात्री अकराला मी रेनकोट घालून बाजारातल्या मेडिकलकडे गेलो, कारण डब्यातल्या तिन्ही बाटल्यांच्या तारखा बुरशीनं खाल्ल्या होत्या. निघताना आत्यानं एक गोळी दाखवली, कुणा मोठ्या पाहुण्याची, कागदात गुंडाळलेली. “हिनं ताप झटक्यात उतरतो, अर्धी मोडून देऊ?” मेडिकलवाल्यानं ती पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. “ही निमेसुलाइड. बारा वर्षांखालच्यांना २०११ पासून बंद आहे काका.” मग त्यानं नवी बाटली आणि बिनसुईची मापाची पिचकारी दिली. मी खोकल्याचंही औषध मागितलं, ते मात्र दिलं नाही. “चार वर्षांचा आहे ना? मध पाजा.” एक वर्षाखालच्या बाळाला मधही नको, हे त्यानं न विचारताच सांगितलं.

खोकल्याच्या औषधावर त्याचा राग होता आणि तो रास्त होता. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून जास्त मुलं गेली. मूत्रपिंडं निकामी होऊन कितीतरी मुलं उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली होती. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एका बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं, चालतं ०.१ टक्का. केंद्रानं त्यानंतर पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळायची. हे विष आपल्याला नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. असं विष घरच्या चमच्यानं ओळखू येत नाही. पण जे औषध मुळात द्यायलाच नको होतं, ते न देणं तरी घरच्या हातात असतं.

पण ‘नको’ म्हणणारा मेडिकलवाला सगळीकडे नसतो. आपल्याकडे ‘चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध’ असा कायद्यात धड वर्गच नाही. एक जुनी सवलत मात्र आहे. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टानुसार हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात डोकेदुखीची गोळी, मलम, ग्राइप वॉटर असल्या घरगुती औषधांना विक्रीचा परवाना लागत नाही. नाणे मावळात, आंदर मावळात अशी गावं पुष्कळ. तिथे दवाखाना डोंगरापलीकडे असतो, म्हणून ही सोय. आणि डोस विचारायचा तो साबण-बिस्किटं विकणाऱ्या माणसाला.

घरी परतलो तेव्हा पिचकारी पाहून पोरानं ‘इंजेक्शन!’ म्हणून बोंब ठोकली आणि पलंगाखाली गेलं. आत्या खाली वाकली, गुडघा कटकन वाजला, पण तिनं त्याला बाहेर ओढलं. मग दिव्याखाली पिचकारी धरून, २५० च्या नव्या बाटलीतलं औषध बरोबर चारच्या रेघेवर आणलं, हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवला आणि गालाच्या आतल्या बाजूनं हळूहळू सोडलं. एक थेंब सांडला नाही. डोस दिल्याची वेळ तिनं कॅलेंडरवर एकादशीच्या खाली लिहिली आणि सगळ्यांना बजावलं, “मला विचारल्याशिवाय कुणी काही पाजायचं नाही.”

मग गुडघा चोळत तिनं कनवटीची पुडी सोडली आणि एक लांबट पांढरी गोळी काढून पाण्याबरोबर गिळली.

“हे काय घेतलंस?”

“गुडघ्याचं. शेजारच्या वहिनींना लागू पडलंय.”

“अगं, त्यांचं वजन किती, तुझं किती...”

“गप रे,” आत्या म्हणाली, “बाईमाणसाला वजन विचारतात होय?”